खिसा आधी, पाणी नंतर

माझी धाकटी लेक शाळेत समाजशास्त्र शिकवते. हा शब्द मी एका दमात म्हणून टाकते, कारण मध्ये थांबले की गाडी अडते. मी स्वतः तिसरीपर्यंत गेले. चौथीत जायचं तेवढ्यात घरात पाळणा हलला आणि भावाला सांभाळायला माझी नेमणूक झाली. पुढचं वाचन मी रद्दीवर केलं. कपडे बांधून द्यायला जी रद्दी यायची ती आधी वाचायची, मग बांधायची. त्यामुळे माझ्या डोक्यात जगभरच्या बातम्या आहेत, पण सगळ्या शिळ्या आणि अर्ध्या फाटलेल्या.

आमची लाँड्री आहे. एका बाजूला चाव्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा आणि मध्ये आम्ही. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीचं टेबल, टेबलामागे धुण्याचं यंत्र आणि हौद, वरच्या मजल्यावर घर. धाकटी वाढली ती इस्त्रीच्या टेबलाखाली. टेबलावर घोंगडी आणि तिच्यावर जुनी चादर अंथरलेली असायची. ती चारी बाजूंनी खाली लोंबायची आणि तिच्या आत पोरीचं घर. वरून इस्त्रीची ऊब, खालून फरशीचा गारवा, अशी सोय राजवाड्यातसुद्धा नसेल. तिथे बसून तिला गिऱ्हाइकांचे फक्त पाय दिसायचे. पाय निघून गेले की चादरीतून डोकं बाहेर काढून विचारायची, हे कोण होते. ही पुढे माणसांचा अभ्यास करणार हे तेव्हाच कळायला हवं होतं. मला आपलं वाटत होतं, चपलांचं दुकान काढेल.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे, आमच्या ह्यांनी घालून दिलेला. खिसा आधी, पाणी नंतर. कपडा हातात आला की पहिल्यांदा त्याचे खिसे उलटे करायचे, मग बाकीचं बघायचं. सुरुवातीला हा नियम नव्हता, तेव्हा कुणाच्या तरी विजारीत पेन राहिलं आणि बँडवाल्यांचे सगळे पांढरे कोट निळे झाले. त्या मोसमात ते बिचारे निळे होऊनच वाजवत फिरले. तेव्हापासून घरात कुणालाही कपडा दिला, की आधी त्याचा हात खिशात जातो. पोरांना अक्षरं नंतर आली, हे आधी आलं.

नियमाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा. खिशात जे निघेल ते एका छोट्या कापडी पिशवीत घालायचं, पिशवी कपड्याच्या आतल्या बाजूला टाचणीने लावायची, आणि काउंटरवर त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. माणूस घरी जाऊन पिशवी उघडेल, मग हसेल नाहीतर रडेल. आपण तेवढ्यापुरतं आंधळं व्हायचं.

हा नियम ह्यांच्याच हातून एकदा मोडला. एक सभ्य गृहस्थ बायकोला घेऊन कपडे न्यायला आले होते. हे बोलण्याच्या नादात म्हणाले, साहेब, तुमचं सिगारेटचं पाकीट आत ठेवलंय, भिजू दिलं नाही. त्या गृहस्थांनी सिगारेट सोडून म्हणे वर्ष झालं होतं. बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की काउंटरवरच्या कपड्यांना वेगळी इस्त्री लागली नसती. मग ह्यांनी काय करावं? सरळ आपले खिसे उलटे केले आणि सगळं काउंटरवर मांडलं. मोडका कंगवा निघाला, पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या आणि सिनेमाची दोन तिकिटं निघाली. तिकिटं दुपारच्या खेळाची होती, आणि त्या दुपारी हे यंत्राचा पट्टा आणायला गेलेत असं मला सांगून गेले होते. तिथेच मी उभी. मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. पण ती बाई हसायला लागली, मग तिचा नवरा हसला, आणि दोघं हसत घरी गेली. दुसरं तिकीट माझ्याच भावाचं निघालं म्हणून आमच्याही घरात शांतता झाली. धाकटी तेव्हा टेबलाखाली होती. तिने सगळं ऐकलं.

तर असा हा खिशांचा नाद. धाकटीच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत जावई एकटेच आले, स्टुलावर टेकले आणि खाली बघत म्हणाले, आई, तिचा माझ्यावर संशय आहे का? घरात पाऊल टाकलं की कोट घेते आणि खिसे तपासते. मी म्हटलं, संशय असता तर तुम्ही झोपल्यावर तपासले असते. समोर तपासते म्हणजे फक्त लाँड्री आहे. तेव्हापासून ते घरात शिरताना स्वतःच खिसे बाहेर काढून शिरतात.

धाकटी शिकली, आणि तिला शाळेत नोकरी लागली. शाळा मोठी, फाटकाला रंग आणि माळ्याला गणवेश असलेली. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी सहज विचारलं, माहेरी काय असतं तुमच्या? ही म्हणाली, आईचा कपड्यांचा व्यवसाय आहे. त्यात खोटं काही नाही. कपडे आहेत, व्यवसाय आहे आणि आई मी आहेच. पण ऐकणाऱ्यांनी आपापल्या सोयीने दुकान उभं केलं, त्याला काचा लावल्या, आत साड्या टांगल्या, आणि आठवडा उलटायच्या आत विचारायला लागले, आम्हाला काही सवलत?

आता तोंडाने सुरू केलेलं हाताने निस्तरावं लागतं. धाकटी बाजारातून पूर्ण भावाने चादरी आणायची आणि शिक्षकांच्या खोलीत सवलतीने द्यायची. सगळे तिच्या आईला दुवा देत होते. मला हे जावयांकडून कळलं, तेव्हा मी हसून हसून खाली बसले. बसल्यावर मात्र थोडं लागलं, ते लपवत नाही. पण मला माझ्या लेकीचं मन माहीत आहे. तिला लाँड्रीची लाज नव्हती. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी घडी पडते ना, ती बघायची तिला हिंमत नव्हती. तशी घडी मी काउंटरवर रोज बघते. मला तिची सवय आहे. तिला नसेल.

त्या वर्षी मोठ्या पोरांना शिकवायचा धडा होता, सामाजिक वर्ग. मिसरूड फुटायच्या वयाची पोरं आणि आरशासमोरून न हटणाऱ्या पोरी. धाकटी संध्याकाळी लाँड्रीत यायची, माझ्यासोबत कपड्यांच्या घड्या घालायची आणि उद्याचा तास माझ्यावर घेऊन बघायची. म्हणाली, ह्या पोरांशी कशावरही बोलता येतं, पण श्रीमंत-गरीब म्हटलं की सगळी मुकी होतात, नाहीतर फिदीफिदी हसतात. गाडीने येणारी पुढे बसतात, बसने येणारी मागे बसतात. कुणी बसवलेलं नाही, तरी रोज तशीच बसतात.

पहिल्या दिवशी तिने फळ्यावर जिना काढला आणि म्हणाली, मनातल्या मनात नको, इथे येऊन खडूने खूण करा, आपलं घर कुठल्या पायरीवर आहे. एकेक करत सगळी आली आणि सगळ्यांनी मधल्या पायरीवर खूण केली. ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत तो मधल्या पायरीवर, आणि जिचे वडील बस चालवतात तीही मधल्या पायरीवर. एवढी गर्दी झाली की पायरी दिसेनाशी झाली. मी म्हटलं, मोडेल एखादी. धाकटी म्हणाली, तेच त्यांना दाखवायचंय. कुणालाच आपली पायरी सांगायची नाही, वरच्यालाही नाही आणि खालच्यालाही नाही. एका पोराने तिलाच विचारलं होतं, बाई, तुम्ही कुठे? ही म्हणाली, आज तुमचा तास आहे. मी सदऱ्याची कॉलर दाबत बसले.

दुसऱ्या तासाला जे झालं, तिथे मी नव्हते. एक धाकटीने सांगितलं आणि एक नंतर वर्गातल्या एका पोरीने. दोघींचं ऐकून मी मधलं धरलंय.

त्या पोरीला सगळे वकील म्हणतात. बोलायला उभी राहिली की शिक्षकच खाली बसतात, अशी तिची ख्याती. बसायची गाडीवाल्यांच्यात. वडील हॉटेलच्या धंद्यात आहेत असं तिने सांगितलेलं, आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचं नाव घेतलेलं. पुढचं दुकान, म्हणजे हॉटेल, ऐकणाऱ्यांनी उभं केलं.

त्या दिवशी उकडत होतं. वकील शाळेचा कोट काढून बाकावर टाकून फळ्याशी गेली होती आणि वर्ग कशावरून ओळखावा यावर तावातावाने बोलत होती. शिक्षण, काम, ओळखीपाळखी, घर. बोलणं संपवून ती तिथेच उभी राहिली आणि धाकटीने पुढचं धरलं. म्हणाली, हे सगळं खरं, पण याशिवाय एक असतं जे दिसत नाही. माणूस ज्या घरात वाढतो ते घर त्याच्या हातात मुरतं. त्याला कळतही नाही, आणि हात आपला आपण ते करत राहतो.

हे सांगत असताना कोट बाकावरून घसरून खाली पडला. धाकटीने तो उचलला, आणि बोलता बोलता त्याचे खिसे उलटे केले. स्वतःला कळलंच नाही. खिशातलं एकेक टेबलावर ओळीने मांडलं. रुमाल, केसांचं रबर, खोडरबराचा तुकडा. आणि एक पितळी बिल्ला, तो गोल असल्यामुळे घरंगळला आणि टणकन खाली पडून पहिल्या बाकापाशी गेला. तिथल्या पोराने उचलला आणि वाचला. मोठ्याने वाचला. बिल्ल्यावर त्या मोठ्या हॉटेलचं नाव होतं आणि खाली कोरलं होतं, कर्मचारी भोजन.

मालकाच्या पोरीच्या खिशात असला बिल्ला कशाला असेल? कुणीतरी मागून म्हणालं, अगं, मालकांना पण जेवणाच्या रांगेत उभं करतात का? आणि मग जे हसणं सुरू झालं ते पुढच्या बाकांवर जास्त होतं.

पोरगी हसली नाही, रडली नाही. टेबलापाशी येऊन म्हणाली, "बाई, माझ्या खिशात हात घालायचा तुम्हाला अधिकार काय?"

धाकटीकडे उत्तर होतं. खरं उत्तर एकच होतं, आणि ते द्यायचं म्हणजे साड्यांचं दुकान स्वतःच्या हाताने पाडायचं. ती गप्प राहिली. पोरगी कोट तिथेच टाकून निघून गेली आणि त्यानंतर शाळेत आलीच नाही. पुढे एका मैत्रिणीकडून निरोप आला की तिला समाजशास्त्र सोडायचंय, जमल्यास ही शाळाही.

निरोप आला त्या संध्याकाळी धाकटी लाँड्रीत आली ती कोट पोटाशी धरून. इस्त्रीला उभी राहिली, तर एकच सदरा दाबतेय, दाबतेय. शेवटी मी प्लग काढला, तेव्हा बोलली. सगळं ऐकून मी म्हटलं, अर्धा नियम पाळलास आणि अर्धा मोडलास. खिसे काढलेस ते हाताने काढले, त्याला तू काय करणार? पण मांडलेस सगळ्यांसमोर. तर तिला सांग ना, हा हात लाँड्रीचा आहे म्हणून.

"तेच तर सांगता येत नाही, आई."

मी सदऱ्याची घडी घातली आणि विचारलं, "गणिताच्या बाईंच्या पडद्यांचं कापड कधी पोचवायचंय? मालाची गाडी सुटली का आपली?"

गणिताच्या बाईंनी तेव्हा पूर्ण घराच्या पडद्यांची मागणी नोंदवलेली होती. धाकटी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकत्र. नाक पुसायला तिने माझा पदर घेतला, नुकताच कांजी केलेला, तर तो टोचला तिला.

नंतर तिने कोट हाताने धुतला. कॉलर घासली, पाठीवरची रेघ पाडली, आणि रुमाल, रबर, खोडरबर, बिल्ला पिशवीत घालून आतून टाचणीने लावले. कोट घडी करून न्यायचा नसतो. म्हणून ती स्कूटर चालवायला आणि मी मागे हँगर धरायला. रस्ताभर मी तो कोट उंच धरून बसले होते. सिग्नलला लोक बघत होते, म्हातारी कुणाचा झेंडा घेऊन निघाली म्हणून.

पोरीचं घर एका जुन्या इमारतीत होतं, जिन्यावर दोन सायकली आडव्या. दार वडिलांनी उघडलं. बनियनवर होते, धावत जाऊन सदरा घालून आले. वेटर होते ते. घर एका खोलीचं, मध्ये पडदा. पडद्यामागे कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे मला खालून दिसणाऱ्या पायांवरून कळलं. टेबलाखालची विद्या मलाही थोडी येते.

पोरीने घरात काही सांगितलेलं नव्हतं, पोटात दुखतंय एवढंच. वडील बिचारे खूश, की शाळेतल्या बाई पोटदुखीची चौकशी करायला आल्या. चहा ठेवला. आणि भिंतीला खिळ्यावर त्यांचा पांढरा कोट टांगलेला होता, कामावर घालायचा. कांजी एवढी की कोट खिळ्याशिवायही उभा राहिला असता. मी जिभेला आवरून बसले होते. धाकटीचं लक्ष सारखं तिकडेच. चहा येईपर्यंत ती उठली, कोटापाशी गेली, बाहीवरून हात फिरवला आणि तिचा हात सरळ खाली खिशाकडे गेला. खिशाच्या तोंडाशी पोचला आणि तिथेच थांबला, गरम इस्त्रीवर पडल्यासारखा.

पडदा हलला. वकील बाहेर आली. तिची नजर त्या हातावरच होती. म्हणाली, "तुमचा हात आपोआपच जातो?"

वडिलांना काही कळेना. त्यांनी मला विचारलं, ताई, आपण काय करता? आता मी काय सांगणार होते? मी धाकटीकडे बघितलं. साड्यांचं दुकान सांगितलं असतं तर मी त्यालाही मान हलवली असती. आईची मान असते त्यासाठी.

"माझी आई लाँड्री चालवते," धाकटी म्हणाली. "मी तिथेच वाढले. कपडा हातात आला की खिसे काढते, नवऱ्याचे, पाहुण्यांचे, सगळ्यांचे. तुझेही तसेच निघाले. पण मांडायला नको होते. ते चुकलं माझं."

 पोरगी म्हणाली, पण गणिताच्या बाई तर सांगतात तुमचं साड्यांचं मोठं दुकान आहे. धाकटी म्हणाली, मी कपड्यांचा व्यवसाय म्हटलं होतं. पोरगी म्हणाली, मी हॉटेलचा धंदा म्हटलं होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी मला हसू फुटलं, मग त्यांना. वडिलांनाही हसू आलं, कशाचं ते न कळता. वेटर माणूस, टेबलावर सगळे हसले की हसायची सवय.

तेव्हाच मी त्यांना कांजीचं सांगितलं, पाणी वाढवा म्हणून. ते म्हणाले, ताई, ताठ कोट असला की आपण जरा उंच वाटतो, राहू द्या. बरोबर होतं त्यांचं.  बिल्ल्याचंही त्यांनीच सांगितलं. कधी ते घरून जेवून जातात, तेव्हा त्यांचं तिथलं जेवण पोरगी शाळा सुटल्यावर मागच्या दाराने जाऊन जेवते. स्वयंपाकघरातले सगळे तिचे काका आहेत, आणि म्हणे एकाला पगारवाढ तिनेच भांडून मिळवून दिली.

आम्ही निघालो तेव्हा वाटलं, झालं. पण तिला वकील उगीच म्हणत नाहीत. जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, बाई, तुम्ही इथे सांगितलंत, इथे तर सगळे आपलेच आहेत. मला हसले ते शाळेत. चूक चारचौघांत आणि माफी घरात, हे कसं?

धाकटी स्कूटरला चावी लावता लावता थांबली. जिन्यावरच्या सायकलींमधून वर बघून म्हणाली, उद्या ये. आली नाहीस तरी मी करणार आहे, पण तू समोर असलीस तर मला बरं पडेल.  घरी जाताना हँगर रिकामाच होता, तरी सवयीने मी तो उंच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. कोट घालून आली आणि आपल्या नेहमीच्या बाकाकडे न जाता एकटीच खिडकीशी बसली. धाकटीने हजेरी घेतली नाही. टेबलापाशी उभी राहिली आणि आपली पर्स उलटी केली. मग कुर्त्याचे दोन्ही खिसे बाहेर काढले. माझ्या लेकीच्या कुर्त्याला खिसे मीच शिवून देते. आणि एकेक वस्तू ओळीने मांडली, जशी पोरीची मांडली होती तशी. कपडे वाळत घालायचे चिमटे. टाचण्यांची डबी. कपड्यावर खूण करायची काळी शाई. गिऱ्हाइकांच्या खुणेच्या चिंध्या. कुणाच्या तरी सदऱ्याची बटणं. आणि कापडाच्या दुकानाचं बिल, पडद्यांचं, पूर्ण भावाचं.

पहिल्या बाकावरच्या पोराला तिने बोलावलं, ज्याने बिल्ला वाचला होता. म्हणाली, तुझं वाचन चांगलं आहे, हेही वाच. त्याने एकेक वस्तू उचलून वाचली, आवाज खाली खाली जात गेला. बिलापाशी आल्यावर म्हणाला, बाई, पण तुमचं तर दुकान आहे ना?

मग धाकटीने सांगितलं. टेबलाखालचं घर, बँडवाल्यांचे निळे कोट, बाबांची सिनेमाची तिकिटं, सगळं. पोरं पोट धरून हसली, पण हे हसणं निराळं होतं, असं वकील सांगते, आणि ती उगीच कुणाची बाजू घेत नाही. हसणं ओसरल्यावर धाकटीने सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. म्हणाली, हात घरातून आला, पण तोंड माझं होतं. तू विचारलंस तेव्हा मी गप्प राहिले, ती चूक हाताची नाही.

त्यावर एकाने आपले खिसे बाहेर काढायला सुरुवात केली, मग दुसऱ्याने. पोरांना काय, कुठलाही खेळ पुरतो. पण धाकटीने थांबवलं. म्हणाली, खिसे आत घाला, खिशातलं ज्याचं त्याच्याकडे राहू दे. हातांचं सांगायचं असेल तर सांगा, आणि नसेल तर बसून ऐका.

 मग वकीलच उभी राहिली. म्हणाली, मी पाणी प्यायला घेतलं की आधी दुसऱ्यांचे पेले भरते आणि पेला नेहमी उजव्या बाजूने ठेवते. आम्ही घरात जेवताना एकमेकांना वाढून झाल्याशिवाय बसत नाही. एवढं सांगून ती खाली बसणार, तर मागून बस चालवणाऱ्याची मुलगी बोलली, मी कुठेही बसले तरी आरशात मागे बघते. मग दोन गाड्यांवाला पोरगा, मेला तरी रांगेत उभा राहणार नाही असा, तो हळूच म्हणाला, मी कुठलंही दार उघडत नाही, उघडेल म्हणून थांबून राहतो. काल ग्रंथालयाच्या दाराशी थांबलो होतो. हसणं एवढं झालं की शेजारच्या खोलीतून गणिताच्या बाई बघायला आल्या. आणि टेबलावर त्यांच्याच पडद्यांचं बिल.

त्यांनी ते वाचलं. गणिताच्या त्या, बेरीज-वजाबाकी त्यांना क्षणात कळली.  गणिताच्या बाई म्हणाल्या, म्हणजे चादरींमध्येही तुम्हीच भर घातलीत? वेडी आहेस का गं तू? अहो-जाहो करणाऱ्या बाई त्या दिवसापासून अगं-तुगंवर आल्या, आणि चादरींचे राहिलेले पैसे सगळ्यांकडून गोळा करायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं.

तास संपताना पहिल्या दिवशीच्या त्या पोराने परत विचारलं, बाई, मग तुम्ही कुठल्या पायरीवर? जिना अजून फळ्यावर होता, धाकटीने कुणाला पुसू दिला नव्हता. धाकटीने खडू घेतला आणि दोन पावलं काढली, एक खालच्या पायरीवर, एक वरच्या. म्हणाली, अशी उभी आहे, म्हणून कधीकधी तोल जातो. मग वकील गेली आणि तिने मधल्या पायरीवरची आपली खूण पुसली, खाली काढली. कुणी सांगितलं नव्हतं. हळूहळू गर्दी जिनाभर पसरली. सगळ्यांनी खूण हलवली असं नाही, काहींनी नाही हलवली. धाकटी म्हणाली, एका तासात एवढं पुष्कळ.

पोरीने ना विषय सोडला ना शाळा. बाकावर कुठे बसते म्हणाल, तर कधी पुढे, कधी मागे, आणि दोन्हीकडे भांडते. अधूनमधून वडिलांचा पांढरा कोट घेऊन लाँड्रीत येते, टेबलावर टेकून मला तिचे मुद्दे ऐकवते, आणि कांजी जास्तच घाला म्हणून बजावते. मी घालते. तिचे खिसे मात्र मी तिलाच काढायला लावते.

परवा गणिताच्या बाई आल्या होत्या. तेच पडदे घेऊन, धुवायला. काउंटरवर ढीग टाकला, मला नमस्कार केला, आणि घाम पुसत म्हणाल्या, आता तरी आईकडून खरी सवलत मिळेल ना? मी म्हटलं, बाई, मी नुसती लाँड्रीवाली, दुकानवाली तुमच्या शाळेत शिकवते, तिच्याकडे मागा. त्या हसत गेल्या.

त्या गेल्यावर पहिला पडदा उलगडला, तर माझा हात कडेकडेने वरून खाली फिरत गेला आणि पार तळाच्या शिवणीपर्यंत जाऊन चाचपडत राहिला. पडद्याला खिसा नसतो, हे मला माहीत आहे. हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही.